कागदी कोलाज आणि हाताच्या खुणांपासून डिजिटल अमूर्त मुद्राचित्रे : आकारमानाचा प्रश्न

सुरंगी (वेंगुर्ले)

नमस्कार मंडळी,

गेली तीन वर्षे मी हाताने रंगवलेले व फाडलेले कागद आणि त्यांवर उमटवलेल्या खुणा स्कॅन करून त्यांपासून अमूर्त मुद्राचित्रे, म्हणजे प्रिंट, तयार करत आहे. या कामात एक खाच अशी आहे की ती उमगायला मला पूर्ण वर्ष लागले, आणि त्या वर्षात छापलेली जवळजवळ सगळी चित्रे मला बाजूला काढून ठेवावी लागली. ती खाच इथे सविस्तर मांडावी, जाणकारांकडून तपासून घ्यावी आणि या वाटेने येऊ पाहणाऱ्यांचा वेळ व कागद वाचावा, म्हणून हा धागा काढत आहे.

आधी साहित्याविषयी. कागद मी चार प्रकारचे वापरते : सुती चिंध्यांचा हातकागद, पतंगी कागद, खाकी कागद आणि जुन्या वह्यांतले कोरे ताव. घोटीव कागद सोडून दिला, कारण त्याला सुरकुती पडली की तिथली चकाकी स्कॅनमध्ये पांढऱ्या डागासारखी उतरते. ज्याला कलाविद्यालयांत मार्क-मेकिंग म्हणतात त्याला मी नुसते ‘खुणा’ म्हणते. माडाच्या हिरांची (झावळीच्या काड्यांची) जुडी शाईत बुडवून कागदावर ओढली की एकाच हातासरशी वीस-पंचवीस रेघा मिळतात, आणि त्या कधीही समांतर नसतात. नारळाच्या सोडणाचा तुकडा ठोकून काथ्याचे ठिपके मिळतात, जाळ्याचा फाटका तुकडा कागदाखाली ठेवून वरून रूळ फिरवला की गाठींची जाळी उमटते, आणि बारीक कामाला बोरू आहेच. रंग म्हणून काळी शाई, रतांब्याचा (कोकमाच्या फळाचा) रस आणि चाळून खळीत कालवलेली चिऱ्याची (जांभ्या दगडाची) तांबडी माती एवढ्यावर माझे भागते.

आता फाडण्याविषयी थोडे थांबून लिहिते, कारण अख्ख्या चित्राचा जीव त्या कडेत असतो. एका बाजूने रंगवलेला कागद रंगीत बाजू वर धरून घ्यावा आणि उजव्या हातातला भाग स्वतःकडे ओढत फाडावा. डाव्या हातात राहिलेल्या तुकड्याच्या कडेला रंग जिथे संपतो तिथून पुढे कागदाचा पांढरा गर उघडा पडलेला दिसतो, कुठे दोन मिलिमीटर, कुठे केसाएवढा. तोच कागद उलट दिशेने, म्हणजे उजवा हात स्वतःपासून दूर लोटत फाडला, तर ती पांढरी किनार दुसऱ्या तुकड्याकडे जाते आणि आपल्या हातातल्या तुकड्याचा रंग थेट कडेपर्यंत येतो. यंत्राच्या कागदात तंतू बहुतांशी एका दिशेने बसलेले असतात, त्यामुळे तो त्या दिशेने सरळ फाटतो आणि आडवा फाडला तर वाकडातिकडा जातो. हातकागदात तंतू सगळीकडे पसरलेले असल्याने तो कोणत्याही दिशेने फाडला तरी हाताच्या ओढीप्रमाणे वळत जातो आणि कडेला तंतूंची बारीक लव सुटते. भिंगाखाली ती लव पाहिली की भाताच्या रोपांची उपटलेली मुळे आठवतात.

हीच लव स्कॅनमध्ये टिकवायची म्हणून मी पहिल्या वर्षी प्रत्येक कपटा वेगळा स्कॅन करत असे, तोही सोयीप्रमाणे कधी ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके), कधी १२०० ला. मग संगणकावर त्यांची मांडणी करताना एखादा कपटा लहान वाटला तर मोठा करायचा, एखादी रेघ जाड वाटली तर लहान करायची, असे चाले. पडद्यावर ती चित्रे देखणी दिसत. मात्र २ फूट रुंदीची पहिली प्रिंट घरी आणून भिंतीला लावली तेव्हा काहीतरी चुकते आहे हे लगेच जाणवले आणि काय चुकते आहे ते मात्र सांगता येईना. आठवडाभर मी ती प्रिंट सकाळ-संध्याकाळ पाहत होते. शेवटी एका सकाळी चहाचा कप हातात घेऊन अगदी जवळ गेले तेव्हा ध्यानात आले : डावीकडच्या तांबड्या कपट्याच्या कडेचे तंतू शिवणाच्या दोऱ्याएवढे जाड होते, आणि त्याला लागून असलेल्या खाकी कपट्याचे तंतू दिसतही नव्हते. दोन्ही कपटे एकाच टेबलावर, एकाच हाताने फाडलेले असूनही चित्रात ते दोन निरनिराळ्या जगांतून आल्यासारखे भासत होते. डोळ्याला तंतूंचे गणित मांडता येत नसेल, पण त्यातली विसंगती तो पकडतो.

तेव्हापासून मी एक नियम पाळते. एका चित्रात जाणारी प्रत्येक वस्तू एकाच रिझोल्यूशनला स्कॅन करायची आणि नंतर कोणताही एकटा तुकडा लहानमोठा करायचा नाही. मोठे व्हायचे ते संपूर्ण चित्राने, एकदम. हिशेब सोपा आहे. ए-४ ताव ६०० डीपीआयला स्कॅन केला की सुमारे ४९६० गुणिले ७०१६ पिक्सेल मिळतात. छपाई ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) धरली तर तेच पिक्सेल बरोबर ए-२ आकार भरतात, म्हणजे लांबी-रुंदी प्रत्येकी दुप्पट. अर्ध्या मिलिमीटरचा तंतू एक मिलिमीटरचा होतो आणि हात लांब करून पाहिले तरी दिसतो. १२०० डीपीआयला हीच गोष्ट चौपट होऊन ए-० पर्यंत जाते. म्हणजे अंतिम प्रिंट किती मोठी हवी हे कागद फाडण्याच्या आधीच ठरवावे लागते, कारण त्यावर हीर किती जाड घ्यावे आणि कपटा किती लहान फाडावा हे अवलंबून असते.

माझे म्हणणे एवढेच की कोलाज हे इथे पूर्ण झालेले चित्र नसून कच्चा माल आहे, आणि प्रिंट ही त्याची प्रतिकृती नसून दुसरे, स्वतंत्र काम आहे. पण त्या दुसऱ्या कामात हाताची मूळ ओढ आणि तिचे आकारमान सांभाळले गेले नाही तर उरते ती नुसती सजावट. स्कॅनर, पावसाळ्यातला कागद आणि छपाई या तिन्ही बाबतींत आपले अनुभव वाचायला आवडतील.

चिरेबंदी (रत्नागिरी)

सुरंगीताई, धागा वाचून आनंद झाला. मी छपाईच्या व्यवसायात आहे आणि चित्रकारांच्या फाइली रोज हाताळतो, म्हणून स्कॅनरविषयी काही गोष्टी नेमकेपणाने सांगतो.

बाजारात मिळणाऱ्या सपाट स्कॅनरांत दोन जाती आहेत. पातळ, हलके आणि यूएसबीच्या वायरीवरच चालणारे बहुतेक स्कॅनर सीआयएस जातीचे असतात. त्यांची नजर काचेला चिकटलेल्या पृष्ठभागापुरतीच असते. कागद काचेपासून मिलिमीटर-दोन मिलिमीटर उचलला गेला की तिथे धूसरपणा येतो. आरसे आणि भिंग असलेले जाडजूड सीसीडी जातीचे स्कॅनर काचेपासून काही मिलिमीटर वरचेही स्पष्ट पाहतात. तीन-चार थरांच्या कोलाजला, दुमडलेल्या कडांना आणि काथ्याच्या तुकड्यांना दुसरी जातच हवी. जुना सीसीडी स्कॅनर मिळाला तर नव्या पातळ स्कॅनरपेक्षा तो खुशाल घ्यावा.

आपण आकारमानाचा नियम सांगितलात, त्याला मी सावलीचा नियम जोडतो. सपाट स्कॅनरचा उजेड साधारणपणे एकाच बाजूने येतो, त्यामुळे उचललेल्या कडेच्या एका अंगाला बारीक सावली पडते. एक कपटा उभा स्कॅन केला, दुसरा आडवा, आणि संगणकावर दोन्ही हवे तसे फिरवले, तर एकाची सावली खाली आणि दुसऱ्याची उजवीकडे अशी चित्रे तयार होतात. तंतूंच्या जाडीइतकीच ही विसंगतीही डोळ्याला खुपते. म्हणून कपटा चित्रात ज्या दिशेने बसणार आहे त्याच दिशेने तो काचेवर ठेवावा. सावली मुळीच नको असेल तर तोच ताव १८० अंशांत फिरवून पुन्हा स्कॅन करावा आणि दोन्ही स्कॅन नीट जुळवून त्यांची सरासरी घ्यावी. पण कोलाजसाठी मी तसे सुचवणार नाही, कारण कागदाची जाडी आपल्याला जी कळते ती त्या सावलीमुळेच.

स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधली धार वाढवण्याची, धूळ काढण्याची आणि रंग आपोआप सुधारण्याची सर्व बटणे बंद ठेवावीत. धूळ काढणारे बटण आपली ती लव धूळ समजून पुसते. फाइल टिफमध्ये, १६ बिटमध्ये जतन करावी. ए-४ ताव ६०० डीपीआयला ८ बिटमध्ये सुमारे १०४ एमबी होतो आणि १६ बिटमध्ये २०९ एमबी. जागा लागते हे खरे, पण ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ च पायऱ्या असतात, आणि रतांब्याच्या पातळ डागासारखा हळूहळू विरत जाणारा रंग नंतर गडद करायला गेलो की त्या पायऱ्या पट्ट्यांसारख्या दिसू लागतात. जेपेग फक्त दाखवण्यापुरते करावे.

अष्टागर (नागाव, अलिबाग)

फार दिवसांनी इथे अमूर्त चित्रकलेवर हाताच्या अंगाने चर्चा होते आहे. मी चित्रकार नाही, चित्रे पाहणारा आणि वाचणारा आहे. तरी दोन-तीन गोष्टी या विषयाशी थेट जोडलेल्या वाटतात.

कागद फाडून अमूर्त घडवण्याची वाट आपल्याकडे नवी नाही. वासुदेव गायतोंडे यांनी नंतरच्या काळातील चित्रांत वर्तमानपत्रे आणि मासिकांचे कागद फाडून त्यांचे आकार ओल्या रंगावर ठेवले, वरून रूळ फिरवला आणि कागद उचलून घेतला. म्हणजे कागद चित्रात राहिला नाही, त्याने उचललेला आणि मागे ठेवलेला रंग राहिला. आपल्या स्कॅनची जातकुळी मला तीच वाटते, कारण इथेही कागद जातो आणि त्याची खूण उरते. दुसरे नाव आमच्याच गावचे. प्रभाकर बरवे यांचा जन्म १९३६ मध्ये नागावचा. साधी वस्तू तिच्या नेहमीच्या जागेवरून उचलून मोकळ्या अवकाशात ठेवली की तिचे वजन कसे बदलते, हे त्यांच्या चित्रांपुढे उभे राहिल्यावर कळते. आणि तिसरे नाव नसरीन मोहमदी यांचे. त्यांच्या कुटुंबाचे घर इथून जवळच किहीमला होते आणि १९९० मध्ये त्यांचे निधन तिथेच झाले. त्यांच्या शाईच्या काटेकोर रेघा सर्वांना ठाऊक आहेत, पण समुद्रकिनारा, रस्ते, सावल्या यांची त्यांनी काढलेली छायाचित्रे पाहिली की ती रेघ कुठून आली असावी याचा अंदाज येतो. विशेष म्हणजे ही छायाचित्रे त्यांनी स्वतः प्रदर्शनात मांडली नव्हती. तेही एक प्रकारे कच्चे सामानच होते.

आता एक शंका, आणि ती मी मनापासून विचारतो आहे. ठसा नाही, शिळा नाही, लाकडाचा ठोकळा वा जस्ताचा पत्रा नाही, तर याला मुद्राचित्र का म्हणावे? फ्रेंच चित्रकार मातिस यांनी रंगवलेल्या कागदांच्या कातरकामांचा छापील संच १९४७ मध्ये निघाला. त्याची छपाई स्टेन्सिलने, मूळ कागदांना वापरलेल्याच रंगांत, अतिशय काळजीपूर्वक झाली होती. तरीही त्यांचे समाधान झाले नाही. कागद कापून एकमेकांवर ठेवल्यावर जी संवेदना होती ती छापताना सपाट झाली, असे त्यांना वाटले. एवढ्या मेहनतीच्या छपाईत जे निसटले, ते आपल्या इंकजेटमध्ये कसे टिकणार?

माजघर (देवगड)

माझे वडील पुस्तकबांधणी करत, त्यामुळे खळ आणि दमट हवा यांच्याशी लहानपणापासून ओळख आहे. पावसाळ्याबद्दल विचारले आहे म्हणून लिहिते.

जून ते सप्टेंबर या काळात आपल्याकडचा कागद कधीच पूर्ण कोरडा नसतो. कोलाजमध्ये दोन जातींचे कागद चिकटवले की ते ओल वेगवेगळी पितात, वेगवेगळे फुगतात आणि सुकताना एकमेकांना ओढतात. पतंगी कागद जवळजवळ ताबडतोब सुकतो, जाड हातकागदाला दिवस लागतो. म्हणून चिकटवलेला ताव लगेच उन्हात किंवा पंख्याखाली ठेवू नये. दोन टीपकागदांमध्ये घालून वर फळी आणि वजन ठेवावे आणि पहिल्या दिवशी टीपकागद दोनदा बदलावा. टीपकागदाऐवजी रद्दी वापरली तर छपाईची शाई कोलाजवर उतरते, हे मी एका लग्नाच्या अल्बमवर अनुभवले आहे.

खळ मैद्याची, पातळ आणि रोजच्या रोज करावी. जुने लोक कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. वह्या-खतावण्यांना ते चालून जाई, पण मोरचूद विषारी आहे आणि त्यातले तांबे कागदाच्या तंतूंना कालांतराने ठिसूळ करते, म्हणून चित्राला ते नकोच. त्यापेक्षा थोडी खळ करावी आणि उरली तर झाडाला घालावी. फेविकॉल सोयीचा आहे, पण पतंगी कागदाखाली तो सुकल्यावर चकाकतो आणि एकदा बसला की कपटा उचलून दुसरीकडे लावता येत नाही. खळीचा कपटा ओलसर करून उचलता येतो.

आणि एक विनंती. दमट ताव स्कॅनरच्या काचेवर ठेवू नये. ओलीने काचेवर वाफ धरू शकते आणि मग स्कॅन धुकट येतो. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घट्ट झाकणाच्या पेटीत घालून ताव त्यात दोन दिवस ठेवला की काम होते.

रतांब्याच्या रंगाबद्दल सुरंगीताईंना विचारायचे आहे. तो टिकतो का? आमच्याकडे आमसुलाचे डाग फडक्यावर काही महिन्यांत तपकिरी होतात.

गडगा (कुडाळ)

मी कला शाखेचा विद्यार्थी आहे. दोन प्रश्न आहेत. पहिला असा की कागद पृष्ठभागावर ठेवून वरून मेण किंवा शिसे घासून जो ठसा उठतो, तो इथे वापरता येईल का? चित्रकार माक्स अर्न्स्ट यांनी १९२५ मध्ये लाकडी जमिनीवरून असे ठसे घेतल्याचे वर्गात शिकवले होते. त्यावरून मनात आले की राजापूर-रत्नागिरीच्या सड्यावरच्या (खडकाळ पठारावरच्या) कातळशिल्पांवर मोठा कागद अंथरून ठसे घ्यावेत आणि ते स्कॅन करून चित्रे करावीत. दुसरा प्रश्न सॉफ्टवेअरचा. मी गिंप हे चित्रसंपादनाचे सॉफ्टवेअर वापरतो. काळ्या खुणांचे थर मल्टिप्लाय या पद्धतीने एकमेकांवर ठेवले की चार-पाच थरांनंतर सगळे चित्र मळकट होते. असे का होते?

चिरेबंदी (रत्नागिरी)

गडगा, पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण सडा माझ्या घरामागेच आहे. कातळशिल्पांवर कागद ठेवून घासू नका. जांभा मऊ दगड आहे, त्याचे कण घर्षणाने सुटतात, मेण त्याच्या छिद्रांत बसते आणि कोरीव खाचेची कड बोथट होते. कोकणातली ही शिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आहेत आणि त्यांतली कित्येक उघड्यावर, कुंपणाशिवाय आहेत. त्यांची राखण आपल्यासारख्यांच्या वागण्यावरच अवलंबून आहे. आपण तर नावच गडगा घेतले आहे. घराभोवतीच्या गडग्याचा चिरा घ्या. तासणीने फोडलेल्या चिऱ्यावर तिरप्या घावांच्या ओळी असतात, आणि त्यांचा ठसा कोणत्याही छापील पोतापेक्षा सुंदर उठतो. पातळ कागद, जाड मेणखडू आणि एकाच दिशेचा हात एवढे पुरे. होडीच्या फळ्या आणि जुनी दारेही उत्तम.

सुरंगी (वेंगुर्ले)

सर्वांचे मनापासून आभार. सावलीचा नियम मला ठाऊक नव्हता. मागच्या काही चित्रांत जे खटकत होते ते आता कळले.

गडगा, मळकटपणाचे कारण गणितात आहे. मल्टिप्लायमध्ये वरच्या आणि खालच्या थराच्या उजळपणाचा गुणाकार होतो. शुभ्र पांढरा म्हणजे २५५, तो खालच्या थराला मुळीच बदलत नाही. पण आपल्या कागदाचे पांढरे २५५ नसते, समजा २४० असते. २४० भागिले २५५ म्हणजे सुमारे ०.९४. असे सहा थर एकावर एक ठेवले की पांढऱ्याचे मूल्य १७७ च्या आसपास येते, म्हणजे सरळ सरळ राखाडी. म्हणून खुणांच्या प्रत्येक थराचे पांढरे लेव्हल्समध्ये (उजळपणा कमी-जास्त करायच्या सोयीत) जाऊन पूर्ण पांढरे करावे, आणि कागदाचा पोत दाखवायचे काम फक्त सर्वांत खालच्या एकाच थराकडे ठेवावे. पांढरे ओढताना एक काळजी घ्यावी : हिराची रेघ जिथे शाई संपून खरखरीत होते, ते शेवटचे फिके ठिपके २०० ते २३० च्या मध्ये असतात आणि निष्काळजीपणे ओढले तर सर्वप्रथम तेच जातात. ते गेले की रेघेचा शेवट सुरीने कापल्यासारखा दिसतो. मी तिथे चित्र पूर्ण आकारात पाहत, अगदी हळू ओढते.

माजघरताई, रतांब्याचा रंग टिकत नाही हे अगदी खरे. त्यातले लाल द्रव्य उजेडाने आणि हवेने उडते, आणि खाण्याच्या सोड्याचे पाणी लागले तर लगेच निळसर-हिरवट होते. हा दुसरा गुण मी मुद्दाम वापरते : रस वाळला की सोड्याच्या पाण्यात बुडवलेला बोरू त्यावर ओढते आणि रेघ उमटते तीच वेगळ्या रंगात. पण हे कागद तीन-चार महिन्यांत मातकट होतात. म्हणून रतांब्याचे कागद वाळले की त्याच दिवशी स्कॅन करते. त्या लालाचा पहिला दिवस फक्त स्कॅनमध्येच राहतो. चिऱ्याच्या मातीचे तसे नाही, तिचा तांबडेपणा लोहाच्या भस्माचा असल्याने तो उजेडाला दाद देत नाही.

आणि हेच अष्टागर यांच्या शंकेचे माझ्यापुरते उत्तर आहे. मातिस यांच्या संचात मूळ कातरकाम पूर्ण झालेले होते आणि छपाईला त्याच्याशी तुलना टाळता येणार नव्हती. माझ्या चित्राचे मूळ असे कुठेच नाही. पेटीत पडलेले तपकिरी कपटे पाहून कोणाला प्रिंटची कल्पना येणार नाही. जी रचना आहे, जो लाल आहे, जी दुप्पट झालेली लव आहे, ती फक्त छापलेल्या कागदावरच अस्तित्वात येते. ठसा नसला तरी मुद्रेवाचून हे चित्र नाही, म्हणून मी त्याला मुद्राचित्र म्हणते. मात्र पूर्ण झालेल्या जलरंगचित्राचा स्कॅन काढून शंभर प्रती छापणे ही प्रतिकृतीच आहे आणि तिला प्रतिकृतीच म्हटले पाहिजे. प्रती किती छापणार हे मी आधी ठरवते, प्रत्येक प्रतीवर पेन्सिलीने क्रमांक घालते आणि ठरलेला आकडा पुन्हा वाढवत नाही. घेणाऱ्याशी तेवढा प्रामाणिकपणा हवा.

किनारा (गुहागर)

चर्चा उत्तम चालली आहे, पण आकारमानाचा नियम मला फार कडक वाटतो. ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर बारीक कुर्ल्या वाळूच्या गोळ्या करून बिळाभोवती किरणांसारख्या मांडतात. मी त्या रचना कागदावर बोटाच्या टोकाने उमटवतो आणि त्यांतली एक मुद्दाम प्रचंड मोठी करून बाकीच्या तशाच ठेवतो. त्या फरकातूनच खोली येते. नियम पाळला असता तर हे चित्र झालेच नसते.

सुरंगी (वेंगुर्ले)

किनारा, आपला आक्षेप योग्य आहे आणि मी नियम अपुरा मांडला होता. दोन दिवस मी त्यावर प्रयोग केले. एकच जाळीची खूण घेतली आणि तिच्या शेजारी तीच खूण क्रमाने १.२ पट, १.५ पट, ३ पट आणि ८ पट करून ठेवली. ८ पट केलेली खूण स्वतंत्र वस्तू म्हणून उभी राहते, तिच्या गाठी दगडांसारख्या दिसतात आणि मोठे करण्याचा हेतू स्पष्ट कळतो. ३ पटही चालते. १.२ आणि १.५ पटीला मात्र खूण निव्वळ चुकलेली दिसते, जणू कोणी घाईत ओढताणून जागा भरली आहे. तेव्हा नियम असा सुधारते की एक तर मुळीच बदलू नये, नाहीतर पाहणाऱ्याला शंका राहणार नाही इतके बदलावे. आणि ८ पट करायचे असेल तर तो तुकडा पुरेशा जास्त रिझोल्यूशनला पुन्हा स्कॅन करावा, कारण सॉफ्टवेअरने ताणलेल्या पिक्सेलांत तंतू नसतो, तंतूचा नुसता आभास असतो.

छपाईचा प्रश्न चर्चेत मागे पडला होता, त्याबद्दल थोडे लिहिते. आधी मी हट्टाने साध्या हातकागदावरच प्रिंट काढून पाहिल्या. लेप नसलेला हातकागद शाई आत ओढून घेतो, ठिपका पसरतो, काळा करडा होतो आणि जी लव टिकवण्यासाठी एवढा खटाटोप केला तीच नाहीशी होते. शिवाय कागदाची उचललेली लवदार कड प्रिंटरच्या हेडला घासते, आणि एकदा हेड बिघडले की खर्च प्रिंटच्या कित्येक पट होतो. आता इंकजेटसाठी लेप दिलेला सुती कागद, ३०० ग्रॅमच्या आसपासचा, आणि पिगमेंट शाई वापरते. सुती कागदावर सुटे तंतू असतात. ते मऊ ब्रशने आधी झाडले नाहीत तर शाई त्यांच्यावर बसते, नंतर ते गळून पडतात आणि गडद भागात पांढरे ठिपके राहतात. पूर्ण प्रिंटच्या आधी चित्रातला सर्वांत गडद आणि सर्वांत फिका भाग येईल अशी १० सेंटिमीटरची पट्टी खऱ्या आकारात छापून घेते, ती रात्रभर सुकू देते आणि दुसऱ्या दिवशी ओटीवर, दिवसाच्या उजेडात पाहते. छपाईच्या दुकानातल्या ट्यूबलाइटखाली चिऱ्याचा तांबडा नेहमी किंचित हिरवट वाटतो आणि तिथे घेतलेला निर्णय मला दोनदा बदलावा लागला आहे.

परवाची पट्टी आज सकाळी पाहिली. रतांब्याचा लाल पडद्यावर होता त्यापेक्षा थोडा निवला आहे, पण शेजारच्या खाकीशी त्याचे नाते कायम आहे, त्यामुळे मी तो तसाच ठेवणार आहे. खटकते ती फक्त उजव्या वरच्या कोपऱ्यातल्या तीन कपट्यांची सावली, जी चिरेबंदी यांनी सांगितल्याप्रमाणे उलटी पडली आहे. ते तीन कपटे सध्या पेटीत सिलिकाच्या पुड्यांबरोबर ठेवले आहेत. बुधवारी ते योग्य दिशेने काचेवर ठेवून पुन्हा ६०० डीपीआयला स्कॅन करेन, नवी पट्टी छापेन आणि दोन्ही पट्ट्यांची छायाचित्रे इथे शेजारी-शेजारी लावेन.